सोमवारची बाटली

“आकडे वाचा, बाई. जरा मोठ्यानं वाचा, दारापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.”

हेळेवाडीचे सरपंच हिंदुराव इंगवले टेबलावर बोटं वाजवत म्हणाले. ग्रामपंचायतीचा हॉल माणसांनी गच्च भरला होता आणि दारापर्यंत म्हणजे कुणापर्यंत, ते त्यातल्या प्रत्येकाला कळलं. दाराशी, चपलांच्या ढिगाला लागून, भागूमावशी झोरे बसली होती. मांडीशी दुधाची रिकामी किटली, डोक्यावरून पदर आणि नजर थेट माझ्यावर.

मी घसा खाकरून वाचलं. घंगाळ डोह, पाच सोमवार, पाच नमुने. स्फुरद पाचही वेळा जास्त, आणि थोडंथोडकं नाही, चांगलं सहा-सात पट. गावची जॅकवेल, तेच पाच सोमवार. तिथंही जास्त.

“झालं!” हिंदुराव तहसीलदारांकडं वळले. “वर घाण, म्हणून खाली घाण. साठ म्हशी रोज त्या डोहात डुंबतात, साहेब, आणि आमची पोरंबाळं ते पाणी पितात. दोन वर्षं नळाला हिरवं पाणी येतंय. माझी नात दोनदा दवाखान्यात पडली. आता तर सरकारी बाईंनीच आकडा दिलाय. अजून काय पाहिजे?”

सरकारी बाई म्हणजे मी, कुंदा चौगुले. वय सव्वीस, जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत हंगामी मदतनीस. हंगामी म्हणजे आज आहे, उद्या नाही. तुळवी नदीची ही तपासणी नीट पार पडली की कायम करू, असं मला तोंडी सांगितलं होतं आणि त्या एका वाक्यावर मी घरी पेढेसुद्धा वाटून बसले होते. आता सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र मी फार ऐटीत होते.

तुळवी डोंगरातून उतरते. वर, दोन तासांच्या चढावर, घंगाळ डोह. आकार अगदी घंगाळासारखा, म्हणून ते नाव. डोहाकाठी गवळी धनगरांची अकरा घरं आणि त्यांच्या साठ म्हशी. खाली हेळेवाडी, आणि गावाच्या नळाला पाणी देणारी नदीकाठची जॅकवेल. मधे नुसतं रान. पाण्यात स्फुरद, नत्र असा खताचा अंश वाढला की शेवाळ माजतं आणि पाणी हिरवं पडतं. तो अंश कुठनं येतो ते शोधायला मला दोन जागा नेमून दिल्या होत्या, डोह आणि जॅकवेल.

तहसीलदारांनी कागद बंद केला. “पुढच्या बुधवारी आदेश काढतो. धनगरवाडा खालच्या माळावर हलवायचा. डोहात जनावर उतरता कामा नये.”

खालचा माळ म्हणजे खडक. तिथं ना गवत, ना पाणी. तिथं म्हशी नेणं म्हणजे त्यांना बाजार दाखवणं, हे हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होतं.

सभा मोडली तशी भागूमावशीनं मला पायरीवर गाठलं. “बाय, आमच्या डोहाचं पानी खराब हाय म्हनं? खरं हाय व्हय?”

“मावशी, मी काय करू? बाटलीत जे आलं तेच मी वाचलं.”

“बाटलीत?” ती चमकली. “आगं, बाटलीची तर म्या येवडी काळजी...”

“बाई, चहा घ्या,” असं म्हणत हिंदुरावांनी मला आत ओढलं आणि मावशीचं वाक्य अर्धंच राहिलं. ते मी पुरं ऐकून घेतलं असतं, तर पुढची सगळी पायपीट वाचली असती.

*

नाईकवडी सर आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे ते महिनाभर रजेवर होते. दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून आले आणि आल्या आल्या माझा तक्ता मागितला. तो डोळ्यांपाशी धरून ते एकेक रकाना बघत गेले.

“कुंदा, नत्र कुठाय?”

“आहे की सर, शेजारच्या रकान्यात.”

“जॅकवेलला आहे. डोहाला कुठाय? डोहाला स्फुरद सहा पट आणि नत्र जवळपास शून्य.” त्यांनी चष्मा काढला. लाल डोळ्यांनी बघत म्हणाले, “शेतात शेणखत का घालतो आपण? त्यात नत्र आहे, स्फुरद आहे, म्हणून. मग म्हैस पाण्यात शेण टाकताना नत्र काढून ठेवते का घरी?”

मी वाकून तो रकाना बघितला.

“आणि हा पाण्याचा सामू, पीएच बघ. साडेआठ! तांबड्या मातीच्या डोंगरातलं पाणी हे. त्याचा सामू सातच्या खाली पाहिजे. हे तर साबणाच्या पाण्याकडं झुकलंय. बरं, वर नत्र नाही तर खाली जॅकवेलला ते आलं कुठनं?” मग त्यांनी तक्त्याच्या तळाशी बोट ठेवलं. “नमुना घेणाऱ्याची सही. ही तुझीच ना? तू स्वतः गेली होतीस?”

“हो सर.”

खोटं. धडधडीत खोटं. पहिल्या सोमवारी मी अर्धा डोंगर चढले होते. पायाला सात जळवा लागल्या, सातवी बघून मी मटकन खाली बसले आणि रडकुंडीला आले. तेवढ्यात डोक्यावर दुधाची किटली घेऊन भागूमावशी उतरत आली. तिनं जळवांना तंबाखू लावली, माझी सगळी कथा ऐकली आणि म्हणाली, “येवढंच व्हय? मी रोज दूध घिऊन खाली येतीच की. बाटली दे, दर सोमवारी भरून आनीन.” मी बाटल्या दिल्या. त्यानंतरचे पाचही सोमवार मी एस.टी.तून डेअरीपाशी उतरायची, मावशीच्या हातून भरलेली बाटली घ्यायची आणि कागदावर ऐटीत सही ठोकायची. जॅकवेलचा नमुना तेवढा मी स्वतः घ्यायची, कारण तिथं डांबरी रस्ता होता.

“मग आणखी एकदा जा,” सर म्हणाले. “माझ्यासाठी. तपासणीची पेटी बरोबर ने आणि डोहाच्या काठावर बसूनच तपास.”

*

शनिवारी सकाळी मी डोंगर चढले. जळवा नऊ लागल्या, मोजल्या मी. धनगरवाड्यात पोचले तेव्हा तोंडाला कोरड पडली होती आणि मनात एकच विचार होता. या बाईनं खाली डबक्यातच बाटली भरली असणार. दोन तासांचा डोंगर चुकवला असणार. मी स्वतः चुकवला होता ना, म्हणून मला सगळे तसलेच वाटत होते.

“आगं बया! बाय आली!” मावशी गोठ्यातून धावत आली. मला पाणी दिलं, घोंगडं अंथरलं, पायाच्या जळवा काढल्या. बुधवारी जिच्या घरावर मी नांगर फिरवून गेले होते, तीच माझे पाय पुसत होती. माझी मान वर होईना.

“मावशी, मला डोहाचं पाणी घ्यायचंय. मी स्वतः घेणार.”

“घे की. डोह कुटं पळून चाललाय?” असं म्हणत तिनं माझ्या हातातली कोरी बाटली काढून घेतली, उन्हात धरून बघितली आणि नाक मुरडलं. “ही आशीच बुडवनार व्हतीस? ईऽऽ! आगं, आमी गवळी. आमच्या हातचं भांडं आसं दिसलं तर दूध कोन घील? थांब, घासून देती.”

मी तोंड उघडेपर्यंत ती चुलीपाशी गेली. चुलीतली पांढरीशुभ्र राख मूठभर घेतली, बाटलीत घातली, वर कढत पाणी ओतलं आणि काथ्या गुंडाळलेली काडी आत घालून अशी काही घुसळली, की बघत राहावं. बुडाशी, मानेशी, झाकणाच्या आट्यांत. मग दोनदा पाण्यानं खळखळून उलटी टेकवली.

“मावशी,” मी विचारलं, “सोमवारच्या बाटल्या... त्या पण अशाच घासल्या होत्या?”

“मग? पाचीच्या पाची! दुधाच्या जोडीनं जायाचं भांडं त्ये. सरकारात जायाचं. लोक काय म्हनतील, धनगरनीला भांडं घासाय येत न्हाय?”

मी कपाळावर हात मारून घेतला आणि तिथंच चुलीपाशी फतकल घातलं.

राख! लाकूड जळलं की त्यातलं नत्र धुराबरोबर निघून जातं आणि स्फुरद राखेत मागं राहतं. आमची आई गुलाबाच्या आळ्यात चुलीची राख टाकायची ती त्याचसाठी. आणि राखेचं पाणी म्हणजे जुन्या बायकांचा साबणच की, सामू वर जाणार नाही तर काय? बाटली दोनदा धुतली तरी आट्यांत, बुडाशी चिमूटभर राख राहणारच, आणि आमच्या तपासणीला चिमूटही लागत नाही. सरांच्या डोहाविषयीच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर समोर चुलीच्या तोंडाशी पसरलं होतं.

मी मावशीला सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला.

“म्हंजे डोहात घान न्हवती. माज्या राखंची घान व्हती. म्हंजे वाडा उटतोय त्यो माज्याच हातानं?”

“तुझ्या नाही, मावशी. माझ्या. बाटली नुसती नदीच्या पाण्यानं तीनदा विसळायची आणि भरायची, हे सांगायचं काम माझं होतं. नमुना घ्यायचं कामही माझंच होतं. मी खाली डेअरीपाशी उभी राहून सही करत होते.” एवढं बोलले आणि मला रडूच कोसळलं.

“रडू नगं,” ती म्हणाली, पण तिचेही डोळे भरले होते. “आदी बाटली बुडीव. बगू तरी काय म्हनतो डोह.”

पेटीत आणखी कोऱ्या बाटल्या होत्या, त्यातली एक काढली. डोहात उतरून मी ती त्याच पाण्यानं तीनदा विसळली आणि भरली. काठावरच्या खडकावर पेटी मांडली. या तपासणीत नळीत पाणी घेऊन औषध घालतात. स्फुरद असलं तर दहा मिनिटांत पाणी निळं होतं, जितकं जास्त तितकं गडद. मी नळीत पाणी घेऊन औषध घातलं. मावशी शेजारी उकिडवी बसून नळीकडं एकटक बघत होती. मागं डोहात आठ-दहा म्हशी नाकपुड्या वर काढून निवांत पडल्या होत्या आणि वरून येणारं पाणी डोह सारखा धुऊन नेत होतं.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. नळीतलं पाणी जसंच्या तसं, स्वच्छ.

“काय गं?”

“काही नाही, मावशी. काहीच नाही! तुमचा डोह नितळ आहे!” मी ओरडलेच. माझा जीव भांड्यात पडला.

मावशीनं डोहाकडं बघून हात जोडले. मग माझ्याकडं वळली.

“मग खालचं पानी हिरवं कशानं?”

*

आम्ही दोघी नदीच्या काठाकाठानं उतरलो. रस्त्यानं नाही, नदीनं. मावशी पुढं, कोयत्यानं काट्या सपासप तोडत, मी मागं पेटी सांभाळत. प्रत्येक वळणावर थांबायचं, बाटली तीनदा विसळायची, भरायची, वर आकडा लिहायचा, थोडं पाणी नळीत घेऊन बघायचं. पहिलं वळण स्वच्छ, दुसरं स्वच्छ. चौथ्यापर्यंत विसळायचं काम मावशीनं माझ्याकडून काढून घेतलं होतं. “येक... दोन... तीन. आन् घासायचं न्हाय,” असं स्वतःशीच पुटपुटायची आणि प्रत्येक वेळी तोंड वाकडं करायची.

सहावं वळणही स्वच्छ. गाव दिसायला लागलं. समोर दोनेकशे पावलांवर जॅकवेलचा पांढरा मनोरा. सातव्या वळणावर नळीत औषध घातलं आणि पाच मिनिटांतच पाणी शाईसारखं निळं झालं.

“हिकडं बग!” मावशी ओरडली. सहाव्या आणि सातव्या वळणाच्या मधे, उजव्या हाताला, कारवीच्या दाट झुडपांतून एक ओढा नदीत उतरत होता. रस्त्यावरून जन्मात दिसला नसता. मावशीनं कोयत्यानं वाट केली, आम्ही आत शिरलो आणि वासानं दोघींनी पदर नाकाला लावले. ओढ्यात सिमेंटचा जाड पाइप तोंड उघडून बसला होता. पाइपमधून फेसाळ, करडं पाणी भळाभळा पडत होतं.

ते हेळेवाडीचं गटार होतं. दोन वर्षांपूर्वी बांधलेलं, सगळ्या तालुक्यात वाखाणलेलं. त्याच गटारापायी गावाला स्वच्छतेची ढाल मिळाली होती, आणि ती ग्रामपंचायतीच्या हॉलमधे हिंदुरावांच्या डोक्यावरच टांगलेली होती. गल्लीगल्लीतलं साबणाचं, संडासाचं पाणी गावामागनं नेऊन ओढ्यात सोडून दिलं होतं. ओढा पुढं कुठं जातो, हे बघायला कारवीत कुणी शिरलंच नव्हतं. तो डोंगराला वळसा घालून नेमका जॅकवेलच्या वर नदीला मिळत होता.

“आगं बाई,” मावशी पदराआडून म्हणाली, “ही तर आपलंच आपन पित्यात!”

*

रविवारी सकाळीच मी नाईकवडी सरांच्या घरी गेले आणि सगळं ओकले. सही, जळवा, डेअरी, राख, सगळं. चहा निवून गेला.

“नवे आकडे सभेत दिलेस तर काम भागेल,” ते म्हणाले. “जुन्यांविषयी कुणी विचारलं तर उपकरण बिघडलं होतं, म्हणायचं. लोक मान डोलावतात.”

“हिंदुराव नाही डोलावणार, सर. ते विचारणार, पाच आठवडे उपकरण बिघडलं आणि सहाव्याला बरं कसं झालं? मावशीनं बाईला दूध पाजून फितवलं, असं म्हणतील. राखेचं सांगितल्याशिवाय कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि राखेचं सांगायचं तर बाटली मावशीनं भरली होती, हे आलंच.”

“म्हणजे खोटी सही आली. कागदावर आली. मग कायम होण्याचं विसर.”

“हो सर.”

सर उठले, आतून आपली तपासणीची पेटी आणून माझ्यासमोर ठेवली. “नळ्या दुप्पट ने. मागं बसलेल्यांनासुद्धा निळा रंग दिसला पाहिजे.”

*

बुधवारी हॉल पुन्हा गच्च. आदेशाचा कागद तहसीलदारांसमोर टाइप करून तयार. भागूमावशी दाराशीच बसली होती, पण या वेळी अकरा घरांतली एकूण एक माणसं तिच्यामागं उभी होती.

“आकडे वाचा, बाई,” हिंदुराव म्हणाले.

“आज वाचत नाही. आज दाखवते,” मी म्हणाले. “आधी एक सांगायचंय. डोहाच्या पाच नमुन्यांवर माझी सही आहे. ते नमुने मी घेतले नव्हते. मी डोहापर्यंत गेलेच नव्हते. बाटल्या भागूमावशीनं भरून आणल्या आणि मी सही करून मोकळी झाले. चूक माझी आहे आणि तिची शिक्षा मी घेईन.”

हॉलमधे कुजबुज उठली. तहसीलदारांनी पेनचं टोपण काढलं आणि लिहून घेतलं. झालं, कागदावर आलं. खरं सांगते, त्या क्षणी मला एकदम हलकं वाटलं.

मी दोन कोऱ्या बाटल्या काढल्या. “मावशी, पुढं ये. यातली एक तुझ्या पद्धतीनं घास.”

मावशी माणसांतून वाट काढत आली. पदराच्या गाठीतून राखेची पुडी सोडली, कमरेची काथ्याची काडी काढली आणि सगळ्या गावासमोर, तहसीलदारांच्या टेबलावर, तिनं ती बाटली अशी घासली की चकाकली. बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालंसुद्धा, “हात बघा की बाईचा!” दोनदा धुऊन तिनं ती माझ्या हातात दिली. मी दोन्ही बाटल्यांत प्रयोगशाळेचं शुद्ध पाणी भरलं, दोन नळ्यांत ओतलं, औषध घातलं.

दहा मिनिटं कुणी जागचं हललं नाही. न घासलेल्या बाटलीचं पाणी पाण्यासारखंच राहिलं. घासलेल्या बाटलीचं निळं झालं.

“पाच सोमवार मी तुम्हाला हे दाखवत होते,” मी म्हणाले. “डोहाची घाण नव्हे. मावशीच्या चुलीची राख. तिनं बाटली दुधाच्या भांड्यासारखी घासली, कारण ती सरकारात जाणार होती.”

हिंदुराव उसळले. “राख असंल, नसंल! मग आमचं पाणी हिरवं कशानं?”

“हाच प्रश्न मावशीनंही विचारला होता,” मी म्हणाले आणि नळ्यांची घोडी टेबलावर ठेवली. आठ नळ्या, आधी डोह, मग खालची सात वळणं ओळीनं. शनिवारी भरलेल्या आठ बाटल्यांचं पाणी एकेकीत ओतत आणि औषध घालत गेले. डोह, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सगळ्या स्वच्छ. सातव्या वळणाची मागच्या रांगेतूनही दिसेल इतकी निळी झाली.

“सातवी कुठली?” तहसीलदारांनी विचारलं.

“कारवीतल्या ओढ्याच्या तोंडाखालची.”

“ओढ्यात काय आहे?”

मी मान वर करून हिंदुरावांच्या डोक्यावरच्या ढालीकडं बघितलं. आधी कुणाला कळेना. मग मागं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “आयला, गटार!” आणि हॉलमधे नुसता कल्लोळ उठला.

हिंदुराव मोठ्या अंगाचा माणूस. मला वाटलं, आता हा टेबल उलथतोय. पण ते उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, “चला, दाखवा.” त्यांच्यामागनं अख्खी सभा निघाली, तहसीलदारांसकट. मावशीनं पाडलेल्या वाटेनं सगळे कारवीत शिरले आणि पाइपसमोर उभे राहिले. फेस भळाभळा पडत होता. पलीकडं, झुडपांच्या वर, जॅकवेलचा मनोरा दिसत होता.

हिंदुरावांनी पाइप बघितला, मनोरा बघितला. मग तिथंच दगडावर बसले. “माझ्या नातीला,” ते म्हणाले, “माझ्या हातानं ग्लास भरून पाजलं की वो मी.” त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. समोर मावशी उभी होती. “मावशी, तुझा वाडा उठवायला निघालो होतो. काय तोंडानं बोलू?”

“आरं, गप,” मावशी म्हणाली. “तू गाव घाशीत व्हतास, मी बाटली घाशीत व्हते. दोगांनी बी राख कुटं जाती त्ये बगितलं न्हाय.”

पहिले हिंदुरावच हसले. मग सगळेच. गटाराच्या तोंडाशी, नाकाला उपरणी आणि पदर लावून, अख्खी सभा हसत होती. तहसीलदारांनी टाइप केलेला आदेश चार घड्या घालून खिशात घातला आणि तिथंच उभ्या उभ्या दुसरा लिहायला घेतला, गटार वळवण्याचा. धनगरवाड्याच्या माणसांनी मावशीला मधे घेतलं. त्यांचा ढोल वर राहिला होता, म्हणून त्यांनी दुधाच्या रिकाम्या किटल्याच वाजवल्या. गावातले चार जण तोंडानं ताल देऊ लागले. मीसुद्धा नाचले, खोटं कशाला सांगू?

माझ्या सेवापुस्तकात लाल शाईचा शेरा पडला. कायम व्हायला आणखी तीन वर्षं लागली. आईनं पेढ्यांवरून वर्षभर टोमणे मारले. मला कशाचंही काही वाटलं नाही. पुढं चोवीस वर्षं मी डोंगरातल्या नद्या तपासल्या आणि एकाही नमुन्यावर न चढता सही केली नाही.

त्या सभेनंतरच्या सोमवारी मी डोहाकडं चढत होते. अर्ध्या वाटेवर मावशी उतरताना भेटली, डोक्यावर किटली, हातात बाटली. मी येणार हे तिला माहीत होतं, तरी तिनं भरून आणली होती. इकडंतिकडं बघून तिनं ती पदराआड धरून माझ्यापुढं केली. चोरीचा माल द्यावा तशी.

“न घासताच भरली हाय,” ती हळू आवाजात म्हणाली. “तीनदा निस्ती विसळली. लई लाज वाटली गं. कुनाला सांगू नगं.”

मी तिथंच वाटेवर पेटी उघडली. नळीत पाणी घेतलं, औषध घातलं आणि आम्ही दोघी खडकावर टेकून बसलो. खालून गटाराच्या खोदकामाचे घाव ऐकू येत होते. दहा मिनिटं झाली. मावशीनं नळी माझ्या हातातून घेतली, उन्हात धरली, डोळे बारीक करून आरपार बघितलं आणि तिला पलीकडं आपला डोंगर दिसला.